उडणाऱ्या पक्ष्याचं लाल मांस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत मेजवान्यांत सगळ्यांत मान असायचा तो एका रानबदकाला. कॅनव्हासबॅक हे त्याचं नाव. हिवाळ्यात चेसापीक उपसागराच्या उथळ पाण्यात या बदकांचे मोठमोठे थवे उतरत. बाजारासाठी शिकार करणारे लोक होडीवर बसवलेल्या लांब नळीच्या प्रचंड बंदुकांनी एकेका बारात डझनांनी पक्षी पाडत आणि पिंपांत भरून शहरांकडे पाठवत. खवय्यांची अट एकच असे, बदक फार शिजवायचं नाही. कडक तापलेल्या भट्टीत थोडाच वेळ ठेवलेलं, सुरी लावताच आतून लालसर रस सुटेल असं ते पानात यायचं. सोबत मक्याची हॉमिनी आणि करंटची आंबटगोड जेली. आज त्याच अमेरिकेत आणि शेजारच्या कॅनडात रानबदकांची, त्याहूनही रानहंसांची, ख्याती अगदी उलट आहे. कॅनडा गूज चिवट, स्नो गूज तर खाण्याच्या लायकीचाच नाही असं शिकारीच सांगतात; स्नो गूजला त्यांनी ‘आकाशातला कार्प’ असं नावही देऊन टाकलं आहे. कलेजीसारखा उग्र वास येतो, घास कोरडा होऊन तोंडात फिरत राहतो, ही नेहमीची तक्रार. मग ते मांस बेकनमध्ये गुंडाळून, मिरचीत दडवून किंवा वाळवून संपवायचं. मला ही ख्याती अन्यायाची वाटते. रानहंस किंवा रानबदक यांच्या छातीचं मांस दिसतं पक्ष्याचं, पण त्याची घडण बीफ किंवा हरणाच्या मांसाच्या जवळची आहे. कोंबडीसाठी ठरवलेली शिजवण्याची रीत त्याला लावली की ते बिघडतं. लाल मांस म्हणून हाताळलं, आणि धुरी देताना मिठाचं काम समजून घेतलं, तर चांगल्या स्वयंपाकघराला मिळणाऱ्या उत्तम मांसांत त्याची गणना व्हावी.

याचं मूळ पक्ष्याच्या जगण्यात आहे. कोंबडी उडते ती जीव वाचवण्यापुरती, दोन-चार क्षण. तिच्या छातीचे स्नायू एकदम जोर लावण्यासाठी बनलेले असतात. त्यांना साठवलेल्या साखरेवर क्षणभर चालायचं असतं, सतत प्राणवायूचा पुरवठा लागत नाही. म्हणून ते मांस पांढरं. दिवसभर चालणाऱ्या तिच्या पायांचं मांस मात्र गडद. हंस-बदकांची छाती तासन् तास पंख मारत राहते. कॅनडा गूज उत्तरेकडच्या प्रजननभूमीपासून दक्षिणेकडच्या शेतांपर्यंत शेकडो, कधी हजारो किलोमीटर उडतो, आणि हे सगळं ओझं छातीचे स्नायू वाहतात. त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, चरबी जाळून ऊर्जा काढणारी यंत्रणा असते आणि प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन भरपूर असतं. बैलाच्या मांसाला लाल रंग देणारं प्रथिनही हेच. मायोग्लोबिनमध्ये लोह असतं. या मांसाचा गडद रंग आणि खोल चव यांचा त्याच्याशी थेट संबंध आहे, आणि पुढे दिसेल तसा बिघाडही त्याच लोहातून सुरू होतो. या घडणीचं टोक पाहायचं तर आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकदंब हंसाकडे पाहावं. मध्य आशियातून हिमालय ओलांडून तो भारतात उतरतो, महाराष्ट्रातल्या जलाशयांवरही दिसतो. विरळ हवेतून प्राणवायू खेचून घेणारं त्याचं हिमोग्लोबिन आणि छातीतलं केशवाहिन्यांचं दाट जाळं यांचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानहंस-रानबदकांच्या शिकारीवर बंदी आहे, ती योग्यच आहे, आणि या लेखातली पाककृती आपल्या तळ्यांवरच्या पाहुण्यांसाठी नाही. ती त्या देशांची आहे जिथे ही शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येत होते.

आता या स्नायूला उष्णता लागते तेव्हा काय होतं ते पाहू. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन आकसायला लागतं; कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो आणि ते घट्ट, रसाळ होतं. साठीच्या पुढे धाग्यांभोवतीची कोलॅजनची वेष्टणं आवळतात आणि रस बाहेर पिळला जातो. पासष्ट-सत्तरच्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही घट्ट होतं, मायोग्लोबिनचा लाल रंग जाऊन करडा-तपकिरी होतो, आणि हातात उरतो तो कोरडा, रवाळ तुकडा. बीफच्या तुकड्यात धाग्यांमधून चरबीच्या रेषा पसरलेल्या असतात, त्या थोडी चूक पोटात घालतात. रानहंसाच्या छातीत त्या जवळजवळ नसतातच, जी चरबी असते ती कातडीखाली. छातीपाशी चूक पोटात घालणारं काही नाही. त्यात चवीचा प्रश्नही उष्णतेशीच जोडलेला आहे. स्नायू जास्त तापला की मायोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि पेशींच्या आवरणातल्या नाजूक स्निग्ध द्रव्यांचं ऑक्सिडीकरण झपाट्याने घडवतं. लोक ज्याला कलेजीचा वास म्हणतात त्यातला मोठा वाटा या क्रियेचा असतो, आणि शिळं मांस पुन्हा गरम केल्यावर येणारा वासही त्याच कुळातला. म्हणजे कोंबडीसारखं करडं होईपर्यंत शिजवणारा माणूस ज्या वासाची तक्रार करतो, तो बऱ्याच अंशी त्याच्याच कढईत तयार झालेला असतो. छातीच्या मांसाला मानवणारी जागा ५४ ते ५७ अंशांची आहे. चांगला स्टेक जिथे थांबवतात, तीच.

हे मी नव्याने सांगतो आहे असं नाही. स्वयंपाक्यांनी ते आधी दोनदा तरी शोधलं आहे. पहिला पुरावा कॅनव्हासबॅकच्या त्या मेजवान्यांचा. दुसरा फ्रान्सच्या गास्कनी प्रांतातला. तिथे यकृत मोठं करण्यासाठी पुष्ट केलेल्या बदकाची छातीही तंगड्यांबरोबर चरबीत तासन् तास शिजवून ठेवायची जुनी पद्धत होती. ओश गावातले हॉटेलवाले आंद्रे दागँ यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती छाती वेगळी काढून स्टेकसारखी भाजली आणि आतून लाल ठेवून वाढली. आज ‘माग्रे’ हा पदार्थ फ्रान्सभर मिळतो आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. ते बदक पाळीव होतं, चरबीने भरलेलं होतं, हे खरं. पण स्नायूची जात तीच. मग अमेरिकेतलं ज्ञान विस्मरणात का गेलं? माझ्या मते त्याला एक चांगला कायदा कारण झाला. बाजारासाठीच्या बेसुमार शिकारीने पक्षी संपत चालले, तेव्हा अमेरिका आणि कॅनडासाठी ब्रिटन यांच्यात १९१६ साली करार झाला आणि १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने रानबदकांची खरेदी-विक्री थांबली. पक्षी वाचले, हे त्या कायद्याचं मोठं श्रेय. पण त्याच दिवसापासून रानबदक हॉटेलांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलं. आज अमेरिकेतल्या रेस्टॉरंटात मिळणारं बदक शेतावर वाढवलेलं असतं. खरा रानपक्षी फक्त शिकाऱ्याच्या घरी शिजतो, आणि त्या घरात पक्षी शिजवण्याचा अनुभव म्हणजे कोंबडी आणि थँक्सगिव्हिंगची टर्की. धंद्यातल्या जाणत्या स्वयंपाक्यांचा हात सुटला आणि पक्ष्याची कीर्ती घसरली.

साधी रीत अशी आहे. कॅनडा गूजच्या छातीचा एक भाग पाव ते अर्धा किलो भरतो, मॅलर्ड बदकाचा त्याच्या कितीतरी लहान, आणि हा फरक विसरून चालत नाही. आदल्या दिवशी मांस स्वच्छ पुसून त्याला वजनाच्या दीड-दोन टक्के मीठ चोळावं आणि उघडंच फ्रीजमध्ये ठेवावं. मीठ आत मुरतं, पृष्ठभाग कोरडा होतो, आणि कोरड्या पृष्ठभागावरच खरपूस रंग चढतो. बदकाची छाती कातडीसकट असेल तर ती थंड तव्यात कातडी खाली करून ठेवावी आणि मध्यम आंचेवर चरबी हळूहळू वितळू द्यावी. कातडी कुरकुरीत झाली की उलटून अगदी थोडा वेळ. हंसाची जाड छाती मात्र थेट कडक तव्यावर टाकली तर बाहेरून करपून आत कच्ची राहते. ती आधी १०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत सावकाश तापवावी, गाभ्यातलं तापमान पन्नाशीला आलं की काढावी आणि शेवटी धूर निघेपर्यंत तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भराभर भाजावी. मांसात खुपसायचा थर्मामीटर ही इथली खरी गरज आहे. बोटाने दाबून अंदाज घेणं कोंबडीला चालतं, इथे पाच अंशांच्या चुकीने ताट बदलतं. मग पाच-दहा मिनिटं मांस तसंच राहू द्यावं आणि धाग्यांना आडवे, पातळ काप काढावेत. उभे कापले तर उत्तम शिजवलेली छातीही चिवट लागते, कारण या पक्ष्याचे धागे लांब आणि कसलेले असतात. बरेच शिकारी पिसं उपटण्याचा कंटाळा करून कातडीच सोलून टाकतात. त्यांच्या तव्यात लोणी किंवा बदकाची साठवलेली चरबी सढळ हाताने हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की चव पक्ष्याच्या खाण्यावर ठरते, शिजवण्यावर नाही. त्यात तथ्य आहे, आणि त्याचा सगळ्यांत चांगला दाखला पुन्हा कॅनव्हासबॅकच. त्याची ती ऐतिहासिक चव चेसापीकच्या तळाशी वाढणाऱ्या वाइल्ड सेलरी या पाणवनस्पतीच्या कंदांची होती. पक्ष्याचं शास्त्रीय नावसुद्धा त्या वनस्पतीवरूनच पडलं आहे. विसाव्या शतकात उपसागराचं पाणी गढूळ झालं, १९७२च्या ॲग्नेस वादळाने गाळाचा मोठा थर आणला, पाणवनस्पती खचल्या आणि तिथले कॅनव्हासबॅक शिंपल्यांवर जगू लागले. चेसापीकच्या बदकाची जुनी कीर्ती आजच्या तिथल्या पक्ष्याला तशीच्या तशी लागू होणार नाही. मासे खाणारी मर्गन्सर बदकं तर कुठल्याही आंचेवर सुधारत नाहीत असंच बहुतेक जाणकार मानतात. पण हा आक्षेप सर्वांत जास्त ज्यांच्याविरुद्ध वापरला जातो ते कॅनडा गूज आणि स्नो गूज काय खातात? गवत, पाणवनस्पतींची मुळं, आणि शरद-हिवाळ्यात शेतात सांडलेला मका, गहू, भात. इतका सात्त्विक आहार असलेल्या पक्ष्याच्या चवीचा दोष त्याच्या खाण्यावर ढकलता येत नाही. शिवाय खाण्याचा वास मुख्यतः चरबीत साठतो. शंका असेल तर कातडी आणि तिच्याखालची चरबी काढून टाकावी, छाती मोकळी होते. वयाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. पाळीव पेकिन बदक सहा-सात आठवड्यांचं असताना कापलं जातं. रानहंसाचं वय कुणालाच ठाऊक नसतं. ओहायोत १९६९ साली पायात कडं घातलेली एक कॅनडा गूज मादी २००१ साली ओंटारियोत शिकारीत मिळाली, तेव्हा ती किमान ३३ वर्षांची होती. असा पक्षी कोवळा लागण्याची अपेक्षा करू नये. त्याचा खिमा करून डुकराची चरबी मिसळावी किंवा पुढे सांगितलेल्या धुरीकडे वळावं. ‘रक्त काढण्यासाठी’ मांस रात्रभर दुधात बुडवण्याची शिकाऱ्यांची पद्धत मला पटत नाही. कापातून सुटणारा लाल रस हा बहुतांशी पाणी आणि मायोग्लोबिन असतो. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने मांस सुधारतं ते मिठामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो या पक्ष्याला सगळ्यांत जवळून ओळखणाऱ्या लोकांकडून येतो. कॅनडातल्या जेम्स बे या उपसागराच्या किनाऱ्यावरच्या क्री आदिवासी लोकांचं वर्ष हंसांच्या येण्यावर बेतलेलं आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि मेमध्ये हंस उत्तरेकडे परततात, तेव्हा क्री गावांत शाळांना ‘गूज ब्रेक’ची सुट्टी लागते आणि कुटुंबंच्या कुटुंबं रानातल्या तळांवर जातात. तिथे अख्खा हंस, पिसं काढून पण कातडीसकट, दोरीला टांगतात आणि विस्तवाजवळ सतत गोल फिरवत भाजतात. पिळलेली दोरी उलगडते, पुन्हा पिळते, आणि पक्षी चारही बाजूंनी सारखा तापतो. खाली ठेवलेल्या भांड्यात चरबी ठिबकत राहते आणि तीही खाण्यात येते. हा हंस पूर्ण शिजलेला असतो, आतून लाल नसतो, आणि त्याच्या चवीबद्दल तिथे कुणाची तक्रार नाही. मग माझा सिद्धांत कोसळतो का? माझ्या मते तो इथे जास्त नेमका होतो. वसंतातला हंस प्रजननासाठी अंगावर चरबी घेऊन आलेला असतो, आणि क्री पद्धतीत कातडी, चरबी, हाडं सगळं जागेवर असतं. विस्तवाची धग बाजूने, सावकाश येते, चरबी छातीवरून वितळत राहते आणि मांसाला कोरडं पडू देत नाही. दक्षिणेकडचा शिकारी हंसाची कातडी सोलून, हाडावरून सोडवलेली छाती तेवढी घरी नेतो आणि तितकाच वेळ भट्टीत ठेवतो. संरक्षण काढून घेतलं आणि वेळ तोच ठेवला, तर काय होणार? सोललेल्या, हाड काढलेल्या छातीपुरता नियम बदलतो, एवढंच माझं म्हणणं. अख्खा, पुष्ट पक्षी कसा भाजावा हे क्री आजीने सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

तिसरा आक्षेप आरोग्याचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम कुठल्याही पक्ष्याच्या मांसासाठी ७४ अंशांचा आहे, रानपक्षीही त्यात आले. हा आकडा साल्मोनेला क्षणात मरेल असा निवडलेला आहे. जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोहोंच्या मेळाने: गाभा ६० अंशांवर सुमारे अर्धा-पाऊण तास टिकला तर कोंबडीच्या मांसातही तोच परिणाम साधतो, ५७ अंशांवर तासाहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून हवाबंद पिशवीत घालून नेमक्या तापमानाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवलेली छाती लालसर राहूनही तव्यावर चटकन भाजलेल्या छातीपेक्षा पुष्कळ निर्धोक असते. तव्यावरच्या लाल छातीत हा वेळ मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. छातीच्या अखंड तुकड्याच्या आत सहसा जंतू नसतात, पण छर्रा आतड्यातून आरपार गेला असेल तर ती खात्री संपते. असा भाग कापून टाकावा. रानहंसांत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही आढळतो. खोल गोठवल्याने तो बहुतांशी मरतो, पूर्ण शिजवल्याने नक्की मरतो. २०२१च्या अखेरीपासून उत्तर अमेरिकेतल्या रानपक्ष्यांत एच५एन१ बर्ड फ्लू पसरला आहे, त्यामुळे आजारी दिसणाऱ्या किंवा मेलेल्या सापडलेल्या पक्ष्याला हातही लावू नये आणि पक्षी साफ करताना हातमोजे घालावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांच्या पानात ७४ अंशांखालचं मांस वाढू नये. बदकाच्या छातीत कधीकधी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण दिसतात, ते सार्कोसिस्टिस या परजीवीचे. शिजल्यावर त्यांचा माणसाला उपद्रव होत नाही, तरी बहुतेक लोक ते मांस टाकतात आणि त्यांना दोष देता येत नाही. शिशाच्या छर्ऱ्यांचा जुना धोका मात्र बराच ओसरला आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेने १९९१पर्यंत आणि कॅनडाने १९९९पर्यंत शिशावर बंदी आणली. आताचे छर्रे बहुधा पोलादाचे असतात. मांस चाचपून ते काढावेत, नाहीतर दात तुटतो.

आणि इथेच धुरी कामाला येते. ज्याला ७४ अंशांचा नियम पाळायचा आहे आणि तरी रसाळ, गुलाबी, वास न येणारी छाती हवी आहे, त्याच्यासाठी मिठात मुरवून धुरावलेली छाती हेच उत्तर आहे. आपल्याकडे धुंगार देतात तेव्हा पेटत्या कोळशावर तुपाची धार सोडून भांडं झाकतात. काही मिनिटांत वास मुरतो, पण पदार्थाच्या आत काही बदलत नाही. धुरावलेल्या मांसात खरं काम धुराच्या आधी, मिठाने केलेलं असतं. वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ चार-पाच दिवस मांसात मुरलं की स्नायूतली काही प्रथिनं विरघळतात आणि तापल्यावर पाणी धरून ठेवणारी जाळी तयार होते. असं मांस सत्तर अंशांच्या पुढेही बऱ्यापैकी रसाळ राहतं. मिठाबरोबर अगदी थोडं सोडियम नायट्राइट घालतात. दुकानात ते साध्या मिठात ६.२५ टक्के मिसळलेलं, ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवलेलं मिळतं, आणि एक किलो मांसाला या मिश्रणाचं प्रमाण अडीच ग्रॅम. ते वजनकाट्यावरच मोजावं, चमच्याने नाही. जास्त झालं तर ते विष आहे. गुलाबी सैंधवाशी त्याचा काही संबंध नाही. नायट्राइट तीन कामं करतं. कमी तापमानाच्या, हवा कोंडलेल्या धुरात बोट्युलिझमचे जंतू वाढू देत नाही, रंग गुलाबी ठेवतं आणि मायोग्लोबिनमधलं लोह बांधून ठेवतं. हे तिसरं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण कलेजीच्या वासाचं मूळ त्या मोकळ्या लोहातच होतं. लाकडाच्या धुरातली फिनॉल द्रव्यंही स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडीकरण रोखतात. लोहाने भरलेल्या या मांसाला धुरी इतकी मानवते ती यामुळे. वास झाकण्यासाठी धूर लावतात अशी समजूत आहे. नीट केलेल्या धुरीत तो वास मुळातच कमी तयार होतो.

मुरलेली छाती धुवून, पुसून रात्रभर फ्रीजमध्ये उघडी ठेवावी. तिच्यावर किंचित चिकट, चकचकीत पापुद्रा येतो. धूर त्याच्यावर नीट बसतो, ओल्या मांसावर तो काजळीसारखा कडू होतो. लाकूड मेपल, सफरचंद, चेरी किंवा हिकरीचं. पाइनसारखं राळ असलेलं लाकूड वापरू नये. स्मोकरचं तापमान १०० अंशांच्या थोडं वर ठेवलं तर हंसाची छाती दोनेक तासांत तयार होते. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नसल्याची खूण, विरळ निळसर धूर हवा. शिजल्यावर ती पूर्ण थंड करून दुसऱ्या दिवशी कागदासारखे पातळ काप काढावेत. ३० अंशांखालच्या थंड धुराची परंपराही आहे, पण त्यात मांस शिजतच नाही. मीठ, वाळवण आणि काळ यांच्यावर सगळी भिस्त असते, नवख्याने तिथून सुरुवात करू नये. पोलंड आणि जुन्या पोमेरानियातल्या लोकांनी पाळीव हंसाची मिठात मुरवलेली, धुरावलेली छाती हा हिवाळ्याचा ठेवा बनवला. पोलिश भाषेत त्याला ‘पूवगेन्सेक’ म्हणतात. आइसलँडमध्ये रानहंसाची धुरावलेली छाती नाताळच्या जेवणाच्या सुरुवातीला येते, गोड बेरीच्या चटणीबरोबर. आइसलँडवर लाकडाची टंचाई असल्यामुळे मेंढीच्या वाळलेल्या शेणाच्या धुरावर मटण धुरावण्याची तिथली जुनी रीत आहे. शेणीच्या धगीवर स्वयंपाक झालेल्या आपल्या गावांना त्यात नवल वाटायचं कारण नाही. एक सावधगिरी मात्र सगळीकडे सारखी. धुरावलेली छाती टिकाऊ आहे या भरवशावर बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये आठवडाभर, त्याहून जास्त हवी तर गोठवून.

छातीवरच इतकं लिहिण्यात एक धोका आहे, तो मला सतावतो. छाती सोडवून बाकीचा पक्षी खड्ड्यात टाकण्याची सवय शिकाऱ्यांत जुनी आहे, आणि छातीची महती वाढली की ती सवय बळावते. अमेरिकेत पक्षी घरी नेताना त्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहिलाच पाहिजे असा नियम आहे, पण तो जात ओळखण्यासाठी. कॅनडाच्या २०२२च्या सुधारित नियमांनी खाण्याजोगं मांस टाकून देण्यालाच बंदी घातली. मला तो नियम कडक वाटत नाही, अपुराच वाटतो. स्नो गूजची संख्या इतकी वाढली की हडसन उपसागराकाठच्या दलदली त्यांनी खरवडून उजाड केल्या, आणि १९९९पासून अमेरिकेने त्यांच्या शिकारीवरच्या मर्यादा मुद्दाम सैल केल्या. पण संख्या वाढली म्हणून अर्धा पक्षी फेकण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. तंगड्यांचा न्याय छातीच्या उलट आहे. त्यांत कोलॅजन भरपूर असतं आणि ते विरघळायला मंद आंचेवर तीन-चार तास लागतात. तिथे ५७ अंशांवर थांबणं हीच चूक ठरेल. कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरात एखाद्या शेजाऱ्याने हंस आणून दिला, आणि तसं घडू शकतं, कारण विकता न येणारं हे मांस भेट म्हणून देता येतं, तर सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि मालवणी मसाला छातीसाठी काढू नये. त्या मसाल्याला शिजायला वेळ हवा आणि छातीपाशी तेवढा वेळ नाही. रस्सा करावा तो तंगड्यांचा, पंखांच्या मांसल भागाचा आणि भाजून घेतलेल्या हाडांच्या सुपाचा, मटणाला देतो त्याहून तासभर जास्त वेळ देऊन. तोवर छाती मिठात मुरत राहू द्यावी.